हात कापतो त्यांचा

"हात कापतो त्यांचा," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली बाई, नाना आता काम करत नाहीत."

इंदूबाई शिंत्रे आमच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. गडहिंग्लजच्या निम्म्या पोरांना त्यांनी चौथीचं गणित शिकवलेलं, त्यात मीही होतो. त्यामुळं सत्तरीला टेकलेल्या बाई पायरीवर आल्या की हातातला रंधा आपोआप खाली जायचा. सोबत त्यांचा कंत्राटदार चौगुले होता. बाईंच्या घरातली जुनी शहाबादी न उखडता तिच्यावरच नवी फरशी बसवायचं काम त्यानं घेतलं होतं.

चौगुले हसला. "सुताराचा हात कापायलाच पायजे की, गजाभाऊ. न्हाई कापला तर खाणार काय?"

विनोद काही वाईट नव्हता. मीही हसलो. मग माझं लक्ष मागं गेलं. नाना, म्हणजे माझे वडील, ज्यांना गाव दादू मिस्त्री म्हणायचं, आत भुशाच्या पोत्याशेजारी स्टुलावर बसले होते. उजव्या हातावर टॉवेल. दोन वर्षं तो टॉवेल त्या हातावरून हलला नव्हता, उन्हाळा असो की थंडी. टॉवेल जागच्या जागी हलत होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली, पण हसून तर झालं होतं.

हात कापायला लागून तशी चारेक वर्षं झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि हात रिकामा असला की जास्त कापेल म्हणून सांगितलं. नाना गोळ्या घ्यायचे आणि काम करायचे. काम सुटलं ते पोतदारांच्या देव्हाऱ्यापाशी.

पोतदार सराफांनी देव्हाऱ्याच्या दाराला लावायची पितळी जाळी कोल्हापुरातून तयार आणली होती. तिचं माप त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मी लाकडावर आखलं, नानांनी कापलं आणि जोडलं. जाळी बसवायच्या दिवशी पोतदारांच्या घरची सगळी माणसं गोळा झाली, आणि जाळी दारात जाईना. एका सुतानं अडली. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे सूत. काडेपेटीतल्या दीड काडीएवढी जागा. पण सुताराची अब्रू तेवढ्याच जागेत राहते. पोतदार जाळीकडं बघत नव्हते, नानांच्या हाताकडं बघत होते.

"राहू द्या मिस्त्री," ते मऊ आवाजात म्हणाले. "वय झालं. आता आराम करा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ते मऊपण होतं. देव्हारा त्यांनी तसाच, जाळीवाचून ठेवून घेतला. नानांनी घरी येऊन एकेका पटाशीला तेल लावलं, पेटीत घातली, कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक नवा टेप आणून दिला. "जुना गंजलाय, टाकून दे," म्हणाले. माणसाचं काम सुटलं की त्याला असला काहीतरी चाळा लागतो, असं मी समजलो. नवा टेप वापरायला घेतला आणि जुना ठेवून दिला. आमच्या घरात वाकडा खिळासुद्धा कुणी टाकत नाही, टेप कोण टाकतंय?

तर त्या दिवशी इंदूबाई पायरीवरच्या हलल्या नाहीत.

"मला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं नाही, गजानन. त्यांना विचारायचंय," त्या म्हणाल्या. "नवी फरशी चौकटीला अडतेय. चौगुले म्हणतात, पुढच्या दाराची चौकट फोडून काढू आणि ग्रॅनाइटची बसवू."

"वाळवीची कटकट न्हाई, रंगाची न्हाई," चौगुले म्हणाला.

"ती चौकट मिस्त्रींनी उभी केली. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं आणि मिस्त्रींना नारळ, टोपी, टॉवेल दिला. ज्यानं उभी केली त्यानं सांगावं, काढायची का ठेवायची. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

एवढं बोलून बाई आत वळल्या. "मिस्त्री, उद्या सकाळी येता का?"

नानांनी बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गजा ईल," ते म्हणाले.

"मी गजाननला नाही विचारलं."

चौथीत मला त्या आवाजाची भीती वाटायची. नानांनाही वाटली असावी. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मल्टी टूलची पिशवी खांद्याला लावली. महिन्यापूर्वी बेळगावहून आणलेलं ते यंत्र. मुठीत मावतं, पुढं बोटभर लांबीचं चपटं पातं. ते गोल फिरत नाही, करवतीसारखं मागंपुढंही जात नाही. जागच्या जागी डावीउजवीकडं थरथरतं, आणि इतकं बारीक, की बघणाऱ्याला पातं थांबलंय असंच वाटतं. जिथं करवत शिरत नाही तिथं, भिंतीच्या कडेला, जमिनीच्या सपाटीला, बसवलेलं लाकूड न हलवता कापायचं तर त्याच्यासारखं हत्यार नाही. मी मोठ्या हौसेनं नानांना दाखवलं होतं. त्यांनी ते चालू असताना नीट निरखलं आणि विचारलं, "हे कापतंय, का नुसतंच कापतंय?"

तेव्हापासून घरात त्याचं नाव 'कापरं' पडलं. माझी बायकोसुद्धा म्हणायची, कापऱ्याची वायर पोरांच्या हाताला लागंल, वर ठेवा.

बाईंच्या घरी नाना आधी चौकटीपाशी गेले नाहीत. अंगणात उभे राहिले, लांबून बघत. सागवानी चौकट, पस्तीस वर्षांची, वर नाजूक वेलबुट्टी. बाईंनी चहाचं विचारलं. नको म्हणाले. दुसऱ्याच्या घरी चहा घेणं त्यांनी कधीच सोडलं होतं, कारण कप बशीवर वाजायला लागला की बोलणारी माणसं बोलायची थांबत. घरी ते फुलपात्रातून प्यायचे.

मग ते पुढं झाले, खाली बसले, आणि डाव्या हाताच्या बोटांनी चौकटीचे दोन्ही पाय वाजवून बघितले. दगडी उंबरा बाहेरच्या अंगाला होता. चौकटीचे पाय आत, जुन्या शहाबादीवर टेकलेले.

"चांगली हाय," ते म्हणाले. "काढायची न्हाई."

"मग फरशी कशी बसवायची मिस्त्री?" चौगुले म्हणाला. "चौकटीभवती तुकडे लावत बसलो तर गावभर माझी शोभा हुईल."

"पाय खालनं कापायचे. फरशीच्या जाडीयेवढे. फरशी पायाखाली सारायची."

"चौकट उभी ठेवून? करवत कुठनं घालणार? जमिनीला टेकलंय लाकूड."

नाना माझ्या पिशवीकडं बघत म्हणाले, "गजाजवळ कापरं हाय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी लगेच पुढं सरसावलो. फरशी नि तिच्याखालचा सिमेंटचा मसाला मिळून पाच सूत. खिशात टेप नव्हता, घरीच राहिला होता. यंत्र ज्या जुन्या पिशवीत घातलं होतं तिच्यात हात घातला तर तळाशी तो जुना, पिवळा टेप सापडला. म्हटलं, वा, ठेवलेलं कामाला येतं ते असं. टेपचं टोक जमिनीला टेकवलं, पाच सुतांवर पेन्सिलीनं रेघ मारली. मशीन चालू करायला बटणावर अंगठा ठेवला.

"थांब," नाना म्हणाले.

त्यांनी चौगुल्याकडून फरशीचा एक तुकडा मागून घेतला, मसाल्याच्या जाडीची पट्टी त्याच्याखाली घातली आणि ते सगळं चौकटीच्या पायाला भिडवून ठेवलं. माझी रेघ दिसेना. ती फरशीच्या आड गेली होती.

"जमीन वरखाली असंल," मी म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नाना म्हणाले. रागानं नाही, नेहमीच्या आवाजात. त्यांनी कोपरीच्या खिशातून त्यांची घडीची लाकडी पट्टी काढली. पेटीला कुलूप घातलं होतं, पण ही पट्टी खिशातच राहिली होती हे मला तोवर माहीत नव्हतं. ती त्यांनी माझ्या टेपाला लावून धरली. टेपावरचा एक इंच पट्टीवरच्या इंचापेक्षा एका सुतानं कमी भरला.

मला एकदम आठवलं. त्या टेपाचं टोक एकदा एका दुकानाच्या शटरात सापडून तुटलं होतं. मी तुटका भाग कापून टाकला आणि आकडी पुन्हा ठोकून बसवली, मोठ्या शहाणपणानं. सुरुवातीचं एक सूत गेलंय, ते धरून मापायचं, असं स्वतःला बजावलं होतं. दोन-चार दिवस ध्यानात ठेवलंही. मग विसरलो. आणि त्याच आठवड्यात पोतदारांच्या देव्हाऱ्याचं दार आखलं.

पोतदारांचं माप चिठ्ठीवर बरोबर होतं. नानांची करवत बरोबर माझ्या रेघेवर चालली होती. चुकली होती ती रेघ.

मी नानांकडं बघितलं. ते पट्टीची घडी घालत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नावाला नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी आणून दिलेला नवा टेप मला तेव्हा कळला.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"काय?"

"देव्हारा. तुम्ही घरी जाऊन टेप मापला होता."

चौगुले आणि बाई दोघंही ऐकत होते. नानांनी पट्टी खिशात घातली.

"तुझं नाव नवं हुतं," ते म्हणाले. "पोतदाराच्या घरात चुकलास म्हंजे बाजारपेठेत चुकलास. माझा हात तर कापतच हुता. समद्यास्नी दिसतच हुता. त्याच्यावर आणि एक सूत गेलं, त्यात काय मोठं?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली नाना."

"संन्याशानं कवा तक्रार केली?" ते म्हणाले. "मशीन चालू कर. बाईंचा येळ जातोय."

माझ्यानं ते होईना. मी मशीन हातात धरून बसलो. गेली दोन वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, हात कापतो त्यांचा. सहानुभूतीनं सांगत होतो. आदल्या दिवशी तर त्यावर हसलोही होतो. माझे डोळे भरून आले आणि पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली. बोटं थरथरायला लागली, माझी.

"आता कुणाचा कापतोय?" नाना म्हणाले. "आण इकडं."

त्यांनी उजव्या हातावरचा टॉवेल काढला आणि खांद्यावर टाकला. मी मशीन पुढं केलं. चौगुले काहीतरी बोलणार होता. बाईंनी त्याच्याकडं फक्त बघितलं.

नाना गुडघ्यावर बसले, फरशीच्या तुकड्यावर पातं आडवं टेकवलं. त्यांची युक्ती आता मला समजली. मापायचं काहीच नव्हतं. फरशीच माप, फरशीच आधार. पातं तिच्या पाठीवरून सरकणार, वर जाणार नाही, खाली जाणार नाही. त्यांनी बटण दाबलं. पातं थरथरायला लागलं आणि त्याचा बारीक आवाज घरभर झाला. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. मशीन कापत होतं, चौकट कापत होती, वरच्या वेलबुट्टीतली पस्तीस वर्षांची धूळ खाली सांडत होती. हात तेवढा कापत नव्हता. काम मिळालं होतं त्याला. डॉक्टर हेच म्हणाले होते आणि आम्ही तो हात दोन वर्षं रिकामा ठेवला होता.

सागवानाचा तो तिखट वास सुटला. निम्म्यावर नाना थांबले.

"पातं बदल. लोखंड हाय फुडं."

"दिसतंय का तुम्हाला?"

"मीच घातलंय की. सळईचा खुंट, डाव्या पायात. उजव्यात न्हाई. त्या दिवशी सळई कमी पडली हुती."

मी लोखंडाचं पातं लावून दिलं. चार ठिणग्या उडाल्या, खुंट तुटला. पुन्हा लाकडाचं पातं. थोड्या वेळानं चौकटीच्या पायाखालून पाच सुतांची सागवानी चकती सुटून बाहेर आली, सगळीकडून सारखी. चौगुल्यानं मसाला पसरला, नवी फरशी आणली, पायाखाली सारली. पोथीत खूण ठेवावी तशी ती आत गेली. कुठं फट म्हणून नाही. जणू चौकट फरशी झाल्यावर बसवली होती.

चौगुले उकिडवा बसून कडेवरून बोट फिरवत राहिला. "मिस्त्री," तो शेवटी म्हणाला, "काल मी दुकानात बोललो ते..."

"खरंच बोललास की," नाना म्हणाले. "दुसरा पाय हाय अजून. सरक."

दुसरा पायही त्यांनीच कापला. दार खालून तासायचं सोपं काम मला दिलं.

घरी येताना मी म्हणालो, "आपण पोतदारांकडं जाऊ."

"कशाला उकरतोस?"

"जाळी अजून त्यांच्या माळ्यावर पडून आहे."

"मग राहू दे पडून. देवाला काय जाळी लागती?"

"देवाला नाही लागत. मला लागते."

त्यांनी तेवढ्यावर हो म्हटलं नाही. पण दोन दिवसांनी सकाळी अंघोळ करून, धुतलेली कोपरी घालून ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. टॉवेल खांद्यावर होता.

पोतदारांच्या सोप्यात गेल्या गेल्या मी तो पिवळा टेप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. आकडी कशी ठोकली, माप कसं विसरलो, चूक कुणाची आणि बोल कुणाला लागला. सराफ माणूस, गुंजेची चूक म्हणजे काय ते त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. ते टेप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"दोन वर्षं बोलला नाहीत, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

नाना देव्हाऱ्यापाशी जाऊन बसले. "दार उतरवायची गरज न्हाई," म्हणाले. "जाळी तेवढी काढा."

पोतदारांच्या पत्नीनं देव पाटावर काढून ठेवले. माळ्यावरची जाळी खाली आली, कागदात गुंडाळलेली, काळवंडलेली. त्यांनी ती चिंच लावून तिथंच घासली. मी दाराच्या उभ्या कडेला सरळ पट्टी आवळून बसवली, माप नानांच्या लाकडी पट्टीनं घेतलं, तीन वेळा. नानांनी पट्टीला पातं टेकवलं आणि वरून खालपर्यंत एक सूत लाकूड काढलं, मग तेवढंच वरच्या आडव्या कडेचं. भुसा एवढासा पडला. पोतदारांच्या पत्नीनं तो पदरानं झाडला नाही, चिमटीनं गोळा करून तुळशीत टाकला.

जाळी लावली. टक्‌ असा आवाज आला आणि ती बसली. आतमध्ये देव एकेक करून परत गेले, समई लागली, जाळीतून तिचा उजेड भिंतीवर पडला.

नाना मशीन खाली ठेवून पाटावर टेकले. हात रिकामा झाला, मांडीवर आला आणि पुन्हा थरथरायला लागला. त्यांनी तो झाकला नाही. मी त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलाकडं बघत होतो, तो तिथंच राहिला.

चहा आला. पोतदारांनी स्वतः कपबशी त्यांच्यापुढं धरली. त्यांची नजर पुन्हा त्या हातावर गेली, दोन वर्षांपूर्वी गेली होती तशीच. पण आता आवाज मऊ नव्हता, भरून आलेला होता.

"हात अजून कापतोय की मिस्त्री तुमचा."

नानांनी देव्हाऱ्याकडं बघितलं, जाळीच्या कडेवरून नजर वरपासून खालपर्यंत नेली.

"व्हय," ते म्हणाले. "अजून कापतोय."

आणि उजव्या हातानं कप घेतला. तो बशीवर खणखण वाजत राहिला, थोडा चहा सांडलाही, आणि नाना बोलत राहिले, सागवान हल्ली कसं मिळत नाही ते.